हलका ॲम्प्लिफायर

माझा थोरला भाऊ, भाई, बोटीवरच्या नोकरीतून येताना दोन दारं घेऊन आला, असं अम्मी आळीत सांगत फिरत होती. दारं नव्हती, स्पीकर होते. पण तिची चूक नव्हती, दिसायला दारंच. माणसाच्या छातीएवढे उंच, हातभर रुंद आणि जाडीला जेमतेम दोन बोटं. आत गोल भोंगा नाही, काही नाही. चौकटीत ताणून बसवलेली पातळ फिल्म, तिच्यावर चिकटवलेली तार आणि मागं लोहचुंबकाच्या पट्ट्या. कुठल्याशा बंदरावर एक म्हातारा घर मोडत होता, त्याच्याकडून भाईनं ते जुने घेतले होते. ॲम्प्लिफायर मात्र आणला नव्हता. "त्याची काय काळजी? तू हायस की," म्हणाला.

भोरमध्ये माझं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. भोरपासून वेल्ह्याच्या गावांपर्यंत लग्नं, बारशी, उरूस, जयंत्या, सगळीकडं माझे भोंगे बांधलेले असायचे. आमच्या धंद्यात ॲम्प्लिफायर निवडायची रीत साधी: आवाज किती लांब जातो? इथं वाजवला तर पलीकडच्या गावाला, उत्रोलीत, ऐकू आला पाहिजे. जास्त वॅट, जास्त लांब. पण भाईच्या त्या फळ्यांना ही रीत लागू नव्हती, आणि ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मीटर लावून बघितलं तर रेझिस्टन्स चार ओहमच्याही खाली. म्हणजे करंट खूप ओढणार आणि आवाज मात्र थोडाच देणार. त्याला लागतो तो वजनदार, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर, जो हळू आवाजातही न दमता करंट देत राहील. हे मला ठाऊक होतं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी अडाणी असल्याचं सोंग केलं.

भाईला हे स्पीकर हौसेसाठी नको होते. इतकी वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून त्याच्या कानात शिट्टी बसली होती. कुकरची शिट्टी होऊन थांबते, ही थांबत नव्हती. झोप नाही, जेवणावर मन नाही. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, सवय करा. पण त्या म्हाताऱ्याच्या घरी या फळ्यांवर सारंगी लागली होती, आणि ती ऐकता ऐकता शिट्टी खाली बसली, असं तो सांगायचा. भोंगा कानावर येतो, हे स्पीकर खोलीत नुसते असतात, असं काहीतरी म्हणायचा.

आल्याच्या पहिल्या आठवड्यात जेवताना तो अम्मीला म्हणाला, "हे जमलं तर मी परत बोटीवर जात न्हाई. दोघं भाऊ मिळून दुकान बघू."

अम्मीनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. माझा घास तोंडातच राहिला.

आता खरं ते लिहितो. भाई नसताना घरातला मोठा मी होतो. अम्मी मला विचारायची, नातेवाईक मला विचारायचे. तो आला की दुकानात येणारा माणूसही "भाई हायत का?" म्हणायचा. त्याच दिवसांत गुंजवण्याकडच्या एका लग्नाला तो कानात कापूस घालून माझ्याबरोबर नुसता हिंडायला आला. मी खांबावर चढून वायर ओढत होतो, आणि मांडवातली माणसं त्याला सांगत होती, "मालक, भोंगा जरा देवळाकडं फिरवा." त्यानं वर माझ्याकडं बोट केलं, "मालक तो. मी हमाल." सगळे हसले. त्यानं मला मोठेपणाच दिला होता. मला मात्र परत येताना सबंध वाटेवर तो 'मालक' टोचत राहिला.

ॲम्प्लिफायर बघायला मी पुण्याला गेलो तेव्हा एक फळी गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातली होती. कात्रजच्या वळणावळणाला जीव वरखाली होत होता, फिल्म फाटली तर भाईला काय तोंड दाखवू? म्हणजे तोवर माझी काळजी खरी होती. बुधवार पेठेतल्या दुकानात दोन डबे होते. एक नवा, हलका, पुढं दिवे नाचणारा, अंगावर वॅटचा मोठा आकडा. दुसरा जुना, काळा, दिसायला मुका, आणि उचलायला दोन माणसं लागतील असा. दोन्ही लावून बघितले. हलका मोठ्या आवाजात बरा वाटला, पण थोड्याच वेळात वरचा पत्रा तापला. काळ्यावर सारंगी लागली तेव्हा वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून सरकलेलं ऐकू आलं. दुकानातलं गिऱ्हाईक बोलायचं थांबलं. मी उभ्या उभ्या ऐकत राहिलो, आणि मला कळलं की हा घरी नेला तर भाई राहणार.

मी हलका घेतला. भाईनं पैसे भरपूर दिले होते, तेव्हा पैसे कमी पडले असंही नव्हतं.

पहिल्या दिवशी भाई खूश होता. मग मधेच 'टक्' झालं आणि आवाज गेला. डबा तापला की स्वतःच बंद पडायचा, निवला की सुरू. त्या अचानक आलेल्या शांततेत भाईच्या कानातली शिट्टी दुप्पट होऊन उठायची. मी म्हटलं, भोरचं व्होल्टेजच असं. स्टॅबिलायझर आणून लावला. डब्यामागं टेबलफॅन ठेवला. रोज नवा उपाय, आणि एकही लागू पडणार नाही हे मला माहीत. काही दिवसांनी लक्षात आलं, भाई सारंगी ऐकतच नव्हता. तो 'टक्' कधी होतंय ते ऐकत होता. भिंतीपलीकडं बसून मीही तेच ऐकत होतो. झालं की घाबरायचो, फिल्म जळली की काय. नाही झालं तर त्याहून घाबरायचो.

एक दिवस भाई म्हणाला, बोटीवर तरी इंजिनाच्या आवाजात कानातलं ऐकू येत नाही, जावंच म्हणतो. त्या दिवशी अम्मी दुकानात आली. ती दुकानात कधी यायची नाही. लटकवलेल्या भोंग्यांकडं बघत उभी राहिली.

"साऱ्या मुलखाला आवाज पुरवतोस. भावासाठी एक डबा मिळंना व्हय तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी पुण्याला गेलो. काळा डबा विकला गेला असेल, असं वाटेभर वाटत होतं. गेला असावा असंही वाटत होतं. तो होता. येताना दुकानातल्या पोराच्या मदतीनं एसटीत चढवून मांडीवर घेऊन बसलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, याचं हाफ तिकीट लागंल." पाय बधिर झाले होते, पण मी तो खाली ठेवला नाही.

घरी आल्यावर धसमुसळ्या घाईनं वायरी जोडल्या आणि डबा सुरू करायच्या आधीच तोंडाला येईल ते भाईला सांगत सुटलो. सुरुवातीला जरा गुरगुरतो, मग गप्प होतो. बटण पाव फेऱ्याच्या पुढं नेऊ नको, तिथंच सारंगी चांगली लागते. भाई ऐकून घेत होता.

मग सारी दुपार सारंगी वाजली. एकदाही खंड पडला नाही. भाई भिंतीला टेकून बसला होता. आल्यापासून आवळलेला त्याचा जबडा हळूहळू सुटत गेलेला मी बघितला. अम्मी दारात येऊन त्याच्याकडं बघून गेली आणि चहा ठेवायला आत वळली. भाईनं डोळे उघडले.

"ह्यो तू आधी ऐकला व्हतास."

त्यानं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तरी मी म्हणालो, "व्हय."

"पयल्याच खेपंला?"

"पयल्याच खेपंला."

का, असं त्यानं विचारलं नाही. मग त्यानं स्वतः आवाज कमी करत करत शून्यावर आणला. अम्मी चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हणाला, "अम्मी, आता झ्याक लागलं बघ. पण बोटीच्या कंपनीचा निरोप आलाय. सोडंनात."

कुठलाही निरोप आला नव्हता. आमच्या घरात फोन नव्हता. फोन होता दुकानात, माझ्या टेबलावर.

भाई गेला. अम्मी पुढं कितीतरी वर्षं त्या कंपनीला शिव्या देत राहिली. मी समोर बसून ऐकायचो, कधी कधी होला हो पण मिळवायचो. भाई कायमचा परत आला तेव्हा त्याचा उजवा कान पूर्ण गेला होता. आता एका घरात राहतो, दुकान दोघं बघतो, भांडण कधीच नाही. अम्मी मात्र शेवटपर्यंत कंपनीलाच दोष देत गेली.

तो आल्यापासून जेवायला मी त्याच्या उजव्या हाताला, बहिऱ्या कानाकडं, बसत आलो. सवय लागली, असं स्वतःला सांगायचो. परवा ते न विचारलेलं 'का' सांगायचंच, असा मनाचा धडा करून डावीकडं जाऊन बसलो. त्यानं ताट सरकवून मला जागा केली आणि मान माझ्याकडं वळवली.

"बोल," म्हणाला.

मी मीठ मागितलं.