माल माझा, आभार देवाचे

मार्थाक्का गेली तेव्हा मी सांगलीच्या बाजारात हळदीच्या भावावरून एका दलालावर ओरडत होतो. खिशातला फोन वाजत होता आणि मी तो बंद करत होतो. शेवटी घेतला तो शिव्या घालायच्या तयारीनंच. पलीकडून अक्काच्या हाताखाली काम करणारी बोर्डिंगची सुवर्णा हळूच म्हणाली, "दादा, अक्का गेल्या..." पोरींना शाळेत धाडून अक्का स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. निवडून झाल्यावर सूप बाजूला ठेवलं, भिंतीला टेकली, ती तशीच. दुखणं नाही, दवाखाना नाही, कुणाला हाक नाही. मी इस्लामपूरची वाट धरली तेव्हा मला रडू येत नव्हतं, राग येत होता. जातानासुद्धा या बाईनं माझ्याकडे काही मागितलं नाही.

आता काही आठवडे उलटले. राग आहे तिथंच आहे, आणि तो का आहे हे सांगितल्याशिवाय अक्का कोण होती हे मला सांगता येणार नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले. इस्लामपूरजवळच्या एका गावात चर्चचं मुलींचं बोर्डिंग आहे, तिथं ती आया म्हणून लागली आणि तिथल्याच स्वयंपाकघरात तिनं मला वाढवलं. पुढं ती बोर्डिंगची मुख्य झाली. मी सांगलीला आलो, हळदीची पोती वाहिली, मग नमुने घेऊन दारोदार फिरलो, मग स्वतःची पेढी टाकली. मला कुणी काही दिलं नाही, मी एकेक पैसा भांडून मिळवला. इकडे माझं बस्तान बसत गेलं आणि तिकडे बोर्डिंगला बाहेरून येणारी मदत आटत आटत एक दिवस बंद झाली. चर्चच्या मंडळीतल्या शहाण्या माणसांनी बोर्डिंगच बंद करायचं ठरवलं. तिथल्या पोरी आटपाडी-जतकडच्या मेंढपाळांच्या, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या. घरी पाठवल्या की शाळा संपली. अक्का त्या बैठकीत उठून म्हणाली, "ज्या दिवशी ह्या पोरी उपाशी झोपतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच कुलूप लावीन. तवर न्हाई." मंडळींना वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. त्यांनी मान डोलावली.

मी त्याच आठवड्यात गेलो. म्हणालो, अक्का, वर्षाचं धान्य भरून टाकतो, फक्त दारावर माझ्या नावाची पाटी लाव. त्यात काय चुकलं? व्यवहार आहे. अक्का म्हणाली, "पाटीला जागा न्हाई रं. तितं पोरींचे परकर वाळत असत्यात. आणि वर्षाचं कशाला? मी आजचं मागते, आजचं मिळतं. वर्षाचं भरलं तर उद्यापास्नं देवाशी बोलायला विषय काय ऱ्हाईल?" साठवण हाच ज्याचा धंदा, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल ते व्यापाऱ्यांनाच कळेल. तरी मी धान्य पाठवत राहिलो, कधी ज्वारी, कधी तूरडाळ. आणि रविवारी उपासनेत अक्का उभी राहून आभार मानायची. "प्रभू, तू ज्वारी दिलीस. तू डाळ दिलीस." माझं नाव नाही! मी मागच्या बाकावर बसून दात खायचो. पोती माझी, टेम्पोचं भाडं माझं आणि आभार देवाचे. वर चर्चचे पाळकसाहेब मलाच विचारायचे, "दावीदराव, तुम्हीही कधी बोर्डिंगला काही द्या की."

असाच एकदा डोकं फिरलं म्हणून मी सरळ बोर्डिंगवर गेलो, भांडायलाच. दिवाळी होऊन गेली होती, ऊन उतरत होतं. स्वयंपाकघरात पाहतो तर चूल पेटलेली, आधणाला पाणी ठेवलेलं आणि पिठाचा डबा झाडून पुसून पालथा. डाळ नाही, तांदूळ नाही. पोरी अंगणात अभ्यासाला बसल्या होत्या, पण एकीचंही लक्ष पुस्तकात नव्हतं. ती बैठकीतली अट मला आठवली. आज रात्री पोरी उपाशी झोपल्या की उद्या कुलूप, आणि ही बाई दिलेला शब्द फिरवणारी नव्हे. मी म्हणालो, "अक्का, गाडी दारात हाय. बाजार हाकेवर हाय. तू निस्तं म्हण, दाव्या, दे. एवढा एकच शब्द."

"तुला दिसत न्हाई व्हय रं, डबा पालथा हाय ते?"

"दिसतंय. पण मागितल्याबिगर देणार न्हाई. येशूची आण."

"आण घालू नगं," अक्का शांतपणे म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

मी अंगणात कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलो. ती मागेना, मी उठेना. पाण्याला उकळी आली, ते आटलं, तिनं त्यात परत पाणी ओतलं. एक लहान पोर येऊन मला म्हणाली, "मामा, तुमी रागावलाय का भुकेजलाय?" मी तिच्यावरही खेकसलो.

तेवढ्यात फाटकाशी एक धनगर आला. बरोबर घोडं, मागं मेंढरं, बायको आणि बिऱ्हाड. नाव बिरू. घोड्याला पाणी मिळंल का, म्हणाला. घोड्याचा पुढचा पाय सुजला होता आणि पाठीवर ज्वारीची भरली गोणी होती. खतासाठी शेतात मेंढरं बसवल्याबद्दल शेतकऱ्यानं दिलेली. बाजारापर्यंत न्यायची होती, पण घोडं पुढं पाऊल टाकेना. बिरू मला म्हणाला, "मालक, घेताय का? स्वस्तात देतो."

आता मला सांगा, तीस-पस्तीस वर्षं ज्याच्या हाडात सौदा मुरलाय, त्याच्यासमोर अडलेला माणूस भरलं पोतं घेऊन उभा राहिला तर तो काय करील? मी उठलो. मूठभर ज्वारी काढली, फुंकली, दाताखाली धरली. "दाणा बारीक हाय," म्हणालो. "आवं मालक, मोत्यासारका हाय," तो म्हणाला. मी पाठ फिरवली, त्यानं हाक मारली. तो रडला, मी ओरडलो. त्याची बायको मध्ये पडली, तिच्याशीही वाद घातला. शेवटी माझ्या भावात सौदा पटला, पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि जिंकल्याच्या गुर्मीत मागं वळलो... तर पोरींनी गोणीचं तोंड सोडलं होतं, सुपं भराभर चालली होती आणि दोघी डबा घेऊन गिरणीकडे पळत सुटल्या होत्या.

"अक्का! ती ज्वारी माझी हाय!"

"व्हय की. कोन न्हाई म्हणतंय?" अक्का दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत हसत होती. "एवढा भाव पाडलास, आता त्या माणसाला आन् त्याच्या बायकोला जेवल्याबिगर सोडायचं न्हाई."

मी दिली नव्हती, तिनं मागितली नव्हती. दोघांचाही शब्द राहिला आणि पोरी पोटभर जेवल्या. जेवणाआधी अक्कानं प्रार्थना केली. देवानं बिरूला या वाटेनं आणलं म्हणून आभार, मेंढरांसाठी आभार, गिरणीवाल्यासाठी आभार. घोड्याच्या पायासाठीसुद्धा प्रार्थना. माझं नाव नाहीच! मी हातातली भाकरी ताटात टाकली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "घोड्याचं नाव घेतीस, माझं का न्हाई?"

अक्का म्हणाली, "तुझं मिळाल्यावर घेत न्हाई रं. मागताना घेते. आज सकाळीच घेतलं."

"काय मागितलंस?"

"म्हटलं, दाव्याला संध्याकाळपर्यंत हितं आण. त्याचा स्वभाव बदलू नको, तेवढा वेळ न्हाई. हाय तसाच वापर."

बिरू एवढा हसला की त्याला ठसका लागला. मला बाजारात भलेभले हरवू शकले नाहीत. अक्कानं मात्र चुलीपुढून न उठता हरवलं.

ते कुलूप कधीच लागलं नाही. महिनाभराचा प्रश्न म्हणणारे गेले, त्यांच्या नाती या बोर्डिंगमध्ये शिकून नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. अक्काला माती देऊन आम्ही परतलो तेव्हा कराड, सातारा, कुपवाडहून आलेल्या तिच्या मुलींनी अंगण भरलं होतं आणि एवढ्या माणसांच्या जेवणाची कुणी सोय केलेली नव्हती. सुवर्णानं मला विचारलंही नाही. तिनं सगळ्या चुली पेटवल्या. मग एकेक पिशवी उघडत गेली. कुणी तांदूळ आणले होते, कुणी वांगी, कुणी घरच्या शेंगदाण्याचं तेल. माझ्या गाडीतलं ज्वारीचं पोतंही उतरलं. पंगतीमागून पंगत उठली, तरी पातेल्यात उरलंच. पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना मला करायला सांगितली. मी आयुष्यात चारचौघांत प्रार्थना केलेली नव्हती. उभा राहिलो, तांदळाचे आभार मानले, वांग्यांचे मानले, अक्का दिल्याबद्दल मानले... आणि मग म्हणालो, "आणि प्रभू, ज्वारी दावीदनं आणलीय. सगळ्यांनी ऐकून ठेवावं." अंगण रडता रडता हसलं, आणि असं 'आमेन' उठलं की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

आजही बोर्डिंगमध्ये सकाळी फक्त आजचं मागितलं जातं. सुवर्णा मला कधी फोन करत नाही, निरोप पाठवत नाही. ही खोड तिला कुणी लावली ते सांगायला नको. आत्ता दुपार कलतेय. मी पेढी बंद करून गाडीत पोती चढवतोय आणि हमालावर ओरडतोय, लवकर आटप. मला कुणीच बोलावलेलं नाही.