दोन गाड्यांची एक गाडी

मला कोणी ‘आता हे सोडा’ म्हटलं की मी ते जास्तच घट्ट धरते. हा गुण की खोड, याचा निकाल घरच्यांनी केव्हाच लावला आहे. मी सदाशिव पेठेत बायकांना गाडी शिकवते. तेवीस वर्षं झाली. माझ्याकडे कॉलेजच्या मुली कमी आणि पन्नाशी उलटलेल्या बायका जास्त येतात. मुलींना बाप हौसेने शिकवतात, बायकोला शिकवताना त्याच माणसाचा आवाज दुसऱ्या चौकातच चढतो.

शिकवायच्या गाडीचे हाल कुत्रं खात नाही. क्लच अर्धवट दाबून घातलेले गिअर ती दिवसभर सोसते, आणि स्पीडब्रेकर उशिरा दिसला की तो सस्पेन्शनच्या माथी. माझी गाडी जुनी, तिचे पार्ट यायचे बंद झालेले. म्हणून त्याच घराण्यातली माझी पहिली गाडी मी मोडीत न काढता सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटांवर उभी ठेवली आहे. एकीने चालायचं, दुसरीने पुरवायचं. मागच्या वर्षी तिच्या पुढच्या स्प्रिंगा आणि शॉकअप काढून चालत्या गाडीला बसवले. त्या स्प्रिंगा जरा ताठ निघाल्या, तेव्हापासून गाडी पुढून बोटभर उंच दिसते. मालकिणीवर गेली, असं शेजारी म्हणतात.

विटांवरच्या गाडीवर एकदा कोणीतरी कागद चिकटवला होता. ‘हे भंगार येथे किती दिवस राहणार? – एक सभासद.’ मी त्याच्याखाली लिहिलं, ‘सभासदापेक्षा एक दिवस जास्त.’

गेल्या वर्षी माझ्याकडे एक काकू शिकत होत्या. वय बासष्ट, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची धाकटी बहीण शिरवळच्या बाजूला राहते, आणि नवऱ्याने ‘पुढच्या रविवारी नेतो’ म्हणत त्यांना वर्षानुवर्षं कात्रजचा घाट दाखवलेला. आता डोळ्यांच्या ऑपरेशननंतर नवऱ्याचं चालवणं बंद झालं आणि घरची गाडी नुसती उभी राहिली. काकू एकदा आरटीओच्या परीक्षेत नापास झाल्या होत्या. दुसऱ्या खेपेला नवऱ्याने सांगून टाकलं, “या वेळी नापास झालीस तर गाडी विकतो. घ्यायला माणूस तयार आहे.”

परीक्षा गुरुवारी होती. सोमवारी सकाळी चढावर माझ्या गाडीचा दुसरा गिअर आपोआप सुटायला लागला आणि दुपारपर्यंत गिअरबॉक्सने हात टेकले.

कात्रजला माझा ठरलेला मेकॅनिक आहे, यवतमाळकडचा. कमी बोलतो, आणि बोलतो ते पाना हातात घेऊनच. त्याने गाडीखालून बाहेर येऊन मान हलवली.

“पार्टच भेटत नाही ना मॅडम आता. ऑटोमॅटिक घेऊन टाका. शिकणाऱ्या बायांनाही सोपं पडते.”

हे मला सगळेच सांगतात. प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. सोपं पडतं हे खरं. पण या बायकांच्या घरी उभी असलेली गाडी गिअरचीच असते. ती चालवता आली नाही तर ती शेवटपर्यंत नवऱ्याचीच गाडी राहते. मला बायकांना सोपी गाडी शिकवायची नाही. त्यांच्या दारात जी आहे ती शिकवायची आहे.

“विटांवरच्या गाडीचा गिअरबॉक्स काढा,” मी म्हटलं.

“तो चार गिअरचा आहे.”

“काकूंना आठच्या आकड्यात आणि रिव्हर्समध्ये गाडी चालवायची आहे. पाचवा गिअर कशाला लागतोय?”

त्याने दोन दिवस घेतले. गिअरबॉक्सबरोबर शाफ्टही तिचेच काढले, गिअरची दांडीही तिचीच. बोल्टांची भोकं जुळली, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. बुधवारी संध्याकाळी मी गाडीत बसले, गॅरेजमधून मागे घ्यायला सवयीने दांडी उजवीकडे खाली ओढली, आणि गाडी पुढे झटका देऊन बंद पडली.

मी हबकले. पहिल्या गाडीचा रिव्हर्स डावीकडे वर, दांडी खाली दाबून पडायचा. उजवीकडे खाली चौथा. ती गाडी मी पंधरा वर्षं चालवली, आणि हे साफ विसरले. काकूंना मी चार महिने रिव्हर्स उजवीकडे खाली शिकवला होता. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. मला माझाच राग आला. हट्ट माझा, आणि गाडी विकली जाणार त्यांची.

मी तशीच त्यांच्याकडे गेले, खाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. परीक्षा पुढे ढकलू, असंही म्हटलं. त्यांनी गाडीत बसून दांडी दाबली, डावीकडे वर नेली. दहा-बारा वेळा तेच केलं.

“सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा चार वेळा बदलल्या,” त्या म्हणाल्या. “एकदाही आमटीत साखर पडली नाही. उद्याच जायचं.”

गुरुवारी ट्रॅकवर आरटीओच्या साहेबांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग काकूंकडे. “आजी, या वयात ऑटोमॅटिक घ्यायची की.”

“अहो, ती तुम्ही या वयात आल्यावर घ्या,” काकू म्हणाल्या.

आठचा आकडा नीट झाला. मग रिव्हर्स सांगितला. लांबून मला त्यांचा फक्त खांदा दिसत होता. तो थांबला. मी जागच्या जागी डाव्या हाताने हवेतली दांडी दाबत होते. मग गाडी मागे आली, सरळ, सावकाश, पुढून बोटभर उंच. काकू पास झाल्या.

मला इतका आनंद झाला की मी घाईघाईने चालवायला बसले, सवयीने दांडी उजवीकडे खाली ओढली, आणि सगळ्या रांगेसमोर, साहेबांसमोर, गाडी पुढे झटका देऊन बंद पडली. रांगेतली मुलं हसली. काकू खाली उतरल्या, माझ्या बाजूला आल्या आणि दार उघडलं.

“सरका.”

शिकाऊ लायसन्स अजून चालू होतं, पाटी काचेवर होती. कायद्याने मला शेजारी बसायला हरकत नव्हती, आणि वाद घालायला तोंड नव्हतं. त्यांनी रिव्हर्स घेतला, गाडी बाहेर काढली आणि पेठेकडे न वळता कात्रजचा रस्ता धरला. बहिणीचं शिरवळ त्याच बाजूला.

जुन्या घाटात चढ लागला तेव्हा त्यांनी दुसरा गिअर टाकला. मी दांडीकडे बघत राहिले. गिअर सुटला नाही. एक वळण झालं, दुसरं झालं. माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे, तेवीस वर्षं माझा पाय त्याच्यावर असतो. तो मी काढून घेतला.

मागे एक टेम्पो हॉर्नवर हात ठेवून होता.

“वाजवू दे,” काकू म्हणाल्या. “आम्ही दुसऱ्यातच जाणार.”