फुटाला एक सूत

कोल्हापूर ही शूरांची नगरी आहे, असं येईल त्या पाव्हण्याला ऐकवायची आम्हा लोकांना खोडच आहे. पण मुरगूडपासून मलकापूरपर्यंत अख्खा जिल्हा पालथा घातला तरी झोपलेल्या अजगराला आधी हाका मारून जागं करणारा, मगच त्याच्याशी लढणारा आणि त्यापायी अकरा वेळा जळून खाक झालेला वीर माझ्या माहितीत एकच आहे. तो म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिसायला ते वीर अजिबात वाटत नाहीत. उंची बेताची, पोट सुखवस्तू आणि चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा असेल, त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि मग त्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. यातली गंमत अशी की लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना नेहमी मुद्दाम मोठा करावा लागतो, फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट मुळातच सूतभर लांब असतो. दाजी ती पट्टी शर्टाच्या आत, बनियनला लावून बाळगायचे.

त्या पट्टीनं आमच्या घरात एक इतिहास घडवला आहे. मी इंजिनिअरिंगला कोल्हापुरात आलो आणि उचगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहू लागलो, तेव्हा मुरगूडहून माझ्या वडिलांनी, आबांनी, मला अभ्यासासाठी कॉम्प्युटर घेऊन दिला. तो ठेवायला दाजींनी स्वतःच्या हातानं टेबल करायचं ठरवलं. कपाट आणि भिंत यांच्यामधली जागा त्यांनी आक्काच्या शिवणाच्या टेपनं मोजली, बरोबर चार फूट. आणि लाकूड कापलं ते सवयीनं बनियनमधली पट्टी काढून. टेबल देखणं झालं, पण अर्ध्या इंचानं जास्त. दुसरा कुणी असता तर रंधा मारला असता. दाजींनी मोगरी आणली. टेबल आत गेलं, भिंतीचा पोपडा बाहेर आला, आणि त्यानंतर ते टेबल इंचभर हललं नाही. खाली पडलेलं पेन काढायला आक्का झाडूची काडी वापरायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "मी सांगालतो की नाय, आधी लावून बगा म्हणून!" दाजी म्हणायचे, "टेबल बराबर हाय. भिंत आटली."

दाजींचं सगळं जगणं याच पट्टीनं कापलेलं होतं, आणि त्याला कारण त्यांची पुस्तकं. लहानपणी मलकापुरात त्यांच्या घराशेजारी वाचनालय होतं. तिथं राजपुत्र, चेटकिणी, उडत्या गालिचांच्या कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट होतं आणि ते कपाट दाजींनी दहावीपर्यंत दोनदा वाचून काढलं होतं. दहावी एकदाच झाली. त्या पुस्तकांतले नियम त्यांनी अंगात मुरवले होते. घोड्याला पाजल्याशिवाय वीरानं पाणी प्यायचं नसतं, म्हणून दाजी कामावरून आल्यावर आधी मोपेड फडक्यानं पुसायचे, मग घोटभर पाणी. वार समोरून करायचा असतो, म्हणून मोरीत झुरळ दिसलं की ते चप्पल हातात घेऊन त्याला वळसा घालून समोर जायचे, आणि तेवढ्यात झुरळ जायचं. आक्का कपाळाला हात लावायची. "ह्यांच्या जिवावर माझ्या सैपाकघरात झुरळांचं तिसऱ्या पिढीचं लगीन झालं," असं ती शेजारणीला सांगायची.

अशा माणसाच्या हाती मी एक गेम दिला. सीडी वर्गातल्या मित्राकडून आणली होती. त्यात आपण एक तरुण सरदार व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, सोबती जमवायचे आणि कुणाला वाचवायचं, कुणाला लुटायचं, हे आपलं आपण ठरवायचं. मी तो गेम आमच्या कॉलेजच्या रीतीनं खेळत होतो, म्हणजे दिसेल त्या घरात घुसून पेट्या रिकाम्या करत होतो. एका संध्याकाळी दाजी मागं येऊन उभे राहिले.

"पावणं, ह्ये कुणाचं घर?"

"कुणाचंही असेल."

"म्हंजे तुम्ही सरदार, आनि लोकाच्या घरात हात घालताय?"

ते इतके दुखावले की मी उठून त्यांना खुर्ची दिली. ती पुढचे अडीच महिने मला परत मिळाली नाही. खरं सांगायचं तर मलाही ती नकोच होती. त्या जूनमध्ये माझा निकाल लागला होता आणि दोन विषय उडाले होते. मी मात्र घरी फोनवर सांगून टाकलं होतं की सगळे सुटले. आबा मुरगूडच्या शाळेत गणिताचे मास्तर. त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, शिपायाला दोन दिले, आणि मला कळवलं, "गणपतीला येताना मार्कशीट आण, फ्रेम करू." तेव्हापासून मला जेवण जात नव्हतं. मार्कशीट गादीखाली होती आणि मी बहुतेक वेळ गादीवर होतो.

दाजींनी मला तिथून उठवलं ते दुभाषी म्हणून. "मला विंग्रजी येत न्हाय. तुम्ही शेजारी बसा आनि सांगा, कोण काय म्हणालंय." मग रोज संध्याकाळी सहा ते आठ मी स्टुलावर आणि दाजी खुर्चीवर अशी आमची स्वारी निघायची. एवढी दरिद्री स्वारी त्या गेमनं कधी पाहिली नसेल. दाजी कुणाच्या पेटीला हात लावत नसत. घराबाहेर उभे राहून मालक येण्याची वाट बघत. मालक विहिरीपाशी कायमचा उभा केलेला असे, तो कुठून येणार? गाव सोडताना दाजी प्रत्येक माणसापाशी जाऊन निरोप घ्यायचे आणि प्रत्येक माणूस कालचंच वाक्य पुन्हा म्हणायचा. "बोलाय कमी हाय," दाजी मला म्हणायचे, "पर मनानं चांगला वाटतो." पहिल्याच गावात एका म्हातारीनं त्यांना एक पाव दिला होता. थैलीत सामान मोजकंच मावायचं, पण म्हातारीनं हातानं दिलेली वस्तू टाकायची कशी? पुढं एका गुहेत जादूची तलवार सापडली तेव्हा पाव टाकायचा की तलवार सोडायची असा प्रश्न आला. दाजींनी तलवार सोडली. मी डोकं टेबलावर आपटलं. टेबल हललं नाही.

अजगराचं तर विचारूच नका. गेम बनवणाऱ्यांनी तो झोपलेला ठेवला होता, तो दया येऊन. हळूच जायचं, मानेत भाला घालायचा, काम संपलं. दाजी समोर जाऊन शिंग फुंकायचे. अजगर उठायचा, जांभई द्यायचा आणि त्या जांभईतली आगच आम्हाला पुरायची.

"दाजी, झोपेत मारा की त्याला!"

"आनि ताईसाहेबास्नी तोंड कसं दावायचं?"

या ताईसाहेब म्हणजे दाजींच्या स्वारीतल्या एकुलत्या एक सोबती. गेममधली एका गिरणीवाल्याची पोरगी. लहानपणी तिच्या हाती एका जुन्या सरदाराच्या पराक्रमाचं पुस्तक लागलं होतं. त्या सरदारानं एकट्यानं पूल अडवून धरला आणि अख्खं सैन्य माघारी पाठवलं. ते वाचून पोरगी चिलखत घालून घराबाहेर पडली. तिच्या तीन शपथा होत्या: खोटं बोलायचं नाही, पाठीमागून वार करायचा नाही, सोबत्याला सोडायचं नाही. आपण कुणाशी खोटं बोललो की ती आपल्याला कायमची सोडून जायची. माझ्या खेळात ती पहिल्या दहा मिनिटांतच गेली होती. दाजींच्या मात्र ती दोन महिने सोबत होती, आणि मुक्काम पडला की शेकोटीपाशी तेच पुस्तक उघडून बसायची. दाजी चष्मा वर करून बघायचे. "बगा पावणं. गोष्टीतल्या माणसाला बी गोष्टीनंच घडवलंय. ही आमच्या वाचनालयातलीच." ताट वाढून बसलेली आक्का आतून ओरडायची, "त्या ताईसायबांनाच इचारा, वांगं चालंल काय!"

बाराव्यांदा अजगर मेला. समोरून मारला. दाजींनी कॉलनीत कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मोपेडला हार होता.

मग गणपतीच्या आदल्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, आम्ही त्या पुलाशी पोचलो. पुस्तकातला तोच पूल. ताईसाहेब घोड्यांना पाणी पाजायला खाली ओढ्यावर गेल्या आणि पुलाचा म्हातारा रखवालदार दाजींच्या सरदाराशी एकट्याशी बोलू लागला. मी वाचत होतो. म्हातारा सांगत होता की तो सरदार लढलाच नव्हता. सैन्य बघून पळाला होता. पूर आला, सैन्य आपोआप माघारी फिरलं आणि गावानं गोष्ट रचली. आणि तो पळालेला सरदार म्हणजे मीच, असं तो म्हातारा म्हणत होता.

"काय म्हणालाय?" दाजींनी विचारलं.

माझ्या मनात आलं, या माणसानं पावासाठी तलवार सोडली. याला हे कसं सांगू? "म्हणतोय," मी म्हणालो, "सरदार लई शूर होता. सात दिवस लढला."

खाली दोन पर्याय आले होते: गोष्ट तशीच राहू द्यायची, की ताईसाहेबांना खरं सांगायचं. "दाजी, वरचं दाबा," मी म्हणालो. वरचं म्हणजे गोष्ट तशीच.

दाजींनी चष्मा नाकावर सारखा केला. मग त्यांनी खालचं दाबलं.

"अहो दाजी! तिचं मन मोडेल!"

"पावणं," ते पडद्याकडंच बघत म्हणाले, "वीस वर्सं मी रोज विंग्रजी ड्रॉइंग वाचतोय. बोलाय येत न्हाय, वाचाय येतं."

"मग मला कशाला बसवत होता रोज?"

"तुम्ही गादीवरनं उठत न्हवता म्हणून." चष्म्याची तार त्यांनी उगाचच पिरगाळली. "आक्का गादी उन्हात टाकालती. कागद खाली पडला. मी परत ठेवला. तिनं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

मला इतकी लाज वाटली की मी स्टुलावरून उठूही शकलो नाही. पडद्यावर ताईसाहेब पुस्तक हातात घेऊन उभ्या होत्या, आणि दाजी त्यांच्याशी बोलावं तसं बोलू लागले. पण बोलत होते ते माझ्याशी, हे मला कळत होतं. "ताईसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. गोष्ट म्हंजे पॅटर्न हो. फुटाला सूतभर मोठाच करायचा असतो. माणूस ओतला की आटतंच. पर पॅटर्नच नेमका केला, तर माणूस बारकाच निघनार की."

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. मी आता शब्दाला शब्द सांगितला, "ती म्हणते, म्हणजे या पुलावर अजून कुणीच उभं राहिलेलं नाही. मग मी राहते." तिनं पुस्तक म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि ती पुलावर जाऊन उभी राहिली. पलीकडून शत्रूची धूळ उठत होती. दाजींनी नाक पुसलं, गेम तिथंच थांबवून ठेवला आणि माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"आता तू. जा, मुरगूडला फोन लाव."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत दाजी सोबत आले आणि बाहेर, समोरच, मोपेडला टेकून उभे राहिले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. आधी विषय विचारले, मग मार्क विचारले. शेवटी म्हणाले, "जेवलास का?" मी हो म्हणालो, आणि त्या दिवशी तेही खरं होतं.

त्याच आठवड्यात वीज कमीजास्त होऊन कॉम्प्युटर जळाला. सगळा खेळ त्यातच गेला. ताईसाहेब पुलावर राहिल्या त्या राहिल्याच. दोन्ही विषय मी पुढच्या खेपेला सोडवले आणि पुण्याला नोकरीला लागलो. दाजींच्या फाउंड्रीत नमुने कापायचं मशीन आलं, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि ते नि आक्का मलकापूरला राहायला गेले. उचगावच्या खोलीतलं टेबल निघालं नाही ते नाहीच. घरमालकानं त्यावर देवघर मांडलं आहे.

मध्ये एकदा ऑफिसात इंटरनेटवर मला त्या गेमचा शेवट सापडला. नको वाचायला असं म्हणत वाचला. पुढच्या सुट्टीत मलकापूरला गेलो तेव्हा दाजी ओट्यावर बसले होते, एका डोळ्याला हिरवी पट्टी. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पावणं, ताईसाहेबांचं पुढं काय झालं, कळलं काय हो कवा?"

जिंकल्या म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"पडल्या, दाजी," मी म्हणालो. "कसंही खेळलं तरी पडतातच. पण मागून आपलं सैन्य येईपर्यंत पूल सोडला नाही."

दाजींनी मोकळा डोळा माझ्यावर रोखला.

"वार समोरनं झाला न्हवं?"

"समोरूनच."

"मग बरं," ते म्हणाले, आणि आत वळून आक्काला हाक मारली, "अगं, च्या टाक. पावणं आल्यात."