नारळ शाबूत, दिवा फुटला

नारळ वाढवायचा असला की आमच्याकडे मलाच पुढे करतात. माहेरी रत्नागिरीला, सासरी रोह्याकडे, इथे आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये बिल्डिंगच्या पूजेला, सगळीकडे. एक दणका, दोन भकलं, पाणी वाटीत. ह्या बाबतीत मला गर्व आहे, आणि असला तर काय बिघडलं?

तर त्या सकाळी आमच्या पिकअपची पूजा होती. गाडी जुनीच, पण चालवणारी नवी. इतकी वर्षं ह्यांनीच ती चालवली. मंडपाच्या खुर्च्या, केटररची भांडी, कुणाचं घरसामान, काय म्हणाल ते. मग ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ड्रायव्हिंग कायमचं बंद केलं. हे म्हणाले, गाडी विकून टाकू. मी मान डोलावली. मुलगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायच्या काउंटरवर नोकरीला होती, ती जेवता जेवता म्हणाली, "विकू नका, मी चालवते."

लायसन्स होतं तिचं. बाबांना शेजारी बसवून रविवारी चालवायचीही. पण एकटी कधीच नाही. ह्यांनी बरेच दिवस हो की ठो केलं नाही. शेवटी म्हणाले, "एक फेरी एकटीने मारून दाखव. झाली तर बघू. नाही झाली तर गाडी विकायची, परत विषय काढायचा नाही." लेक म्हणाली, चालेल. मी मध्ये बोलायला गेले तर दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. बापलेक ना, डोळे अगदी तसेच. मी गप्प बसले, आणि ते मला सोपं जात नाही.

ती फेरी होती शहराबाहेरच्या डोंगरी गावाची. इथल्या गोडाऊनमधून जेवणाची मोठी भांडी उचलायची, दुपारच्या आत लग्नघरी पोचवायची आणि रात्री पंगती उठल्या की परत आणायची. खरं सांगू? फेरी फसावी असं मला वाटत नव्हतं. पण त्या वळणावळणाच्या रस्त्याने रात्रीची ती एकटी यावी, असंही वाटत नव्हतं.

गाडी नाक भिंतीला टेकवून उभी केली होती. पुढे उभं राहायला जागा नाही. म्हटलं, गाडी ती गाडी, पूजा मागून केली तर देव काय बघायला येतोय? मागच्या फाळक्यावर कुंकू लावलं, झेंडूची माळ बांधली, चाकाखाली लिंबू ठेवलं. जमिनीवर दगड मांडला, नारळ धुतला आणि हात वर नेला. हात ओला, नारळ ओला. तो हातातून जो सुटला तो थेट उजवीकडच्या दिव्यावर! खळ्ळ करून लाल काच खाली. नारळ गडगडत भिंतीपाशी जाऊन थांबला, अगदी धडधाकट.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत हे खुर्ची टाकून बसले होते. पाठीमुळे जिने उतरायची बंदी. तिथून ओरडले, "काय वाढवलंस गं?"

"तुमचं कपाळ!" मी ओरडले. पण मी फुटक्या काचेकडेच बघत होते. पूजेतला नारळ फुटत नाही आणि गाडीचा दिवा फुटतो, याचा अर्थ काय घ्यायचा मी? लेकीचा हात धरला आणि म्हटलं, "आज जाऊ नकोस. माझं ऐक. त्या केटररबाईंना फोन कर, सांग गाडी बिघडली."

लेकीने आधी माझ्याकडे बघितलं, मग दिव्याकडे. हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "ताट दे जरा." आणि हळदीकुंकवाच्या ताटात काचेचे लाल तुकडे एकेक करून वेचून ठेवायला लागली. कुणाच्या पायात जायला नकोत म्हणून. नारळ उचलून फुलांच्या पिशवीत टाकला. "घरी घेऊन जा. रात्री मी आले की चटणी कर."

तेवढ्यात डोंगरीच्या केटररबाईंचा फोन. बाई गावातल्याच. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "गाडी येते ना गं बाय? न्हाय तर आत्ताच सांग, मी दुसऱ्याला बोलावते."

मी मानेने नाही, नाही करतेय. लेक माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, "येतेय मावशी. मागचा एक दिवा बदलते आणि निघते." रात्री त्या रस्त्याला मागचा दिवा नसेल तर मागून येणाऱ्याला गाडी दिसायचीच नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. स्कूटरवर बसून जवळच पेणकरपाड्याला स्पेअर पार्टच्या दुकानात गेली आणि मी जपाची माळ आणायला वर जाऊन खाली येते तोवर नवीन दिवा घेऊन आली पण.

आणि मग जे मी पाहिलं, ते डोळे फाडून पाहत राहिले. ही माझी मुलगी. घरात टिफिनचं झाकण उघडेना की माझ्याकडे घेऊन येते. ती ओढणी कमरेला खोचून गाडीखाली पाठीवर सरकली. मला फक्त तिची पावलं दिसत होती, नखांना गुलाबी रंग. आतून हुकूम सुटत होते. "आई, दहाचा पाना. तो नाही, त्याच्या बाजूचा." एक नट गंजून बसला होता, हलेना. "तेल दे." मी म्हटलं, तेल कुठलं? "तुझ्या पूजेचं आहे ना!" निरांजनात घालायला आणलेलं तेल मी तिच्या हातात दिलं. तिने नटावर सोडलं, पान्याने टकटक केलं, जरा थांबली, परत टकटक केलं. घाई नाही, चिडचिड नाही. मी असते तर तो नट दातांनी तोडला असता. तिने तो फिरवला. अगदी सावकाश. अगं बाई, मी मनात म्हटलं, हा धीर हिने आणला कुठून? माझ्याकडून तर नक्कीच नाही.

नवीन दिवा बसला. वायरी जोडल्या. "आता आत बस आणि ब्रेक दाब," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण, बाबा गॅलरीतून दाबणार?"

एवढ्या वर्षांत मी त्या सीटवर कधी बसले नव्हते. माझी जागा कायम डावीकडची. चढले, स्टिअरिंग धरलं आणि बघतच राहिले. केवढं उंच! भिंतीपलीकडची गल्ली, रिक्षा, माणसं, सगळं खाली. हे रोज इथे बसून माझ्यासाठी कमवत होते आणि मी एकदाही बघितलं नव्हतं, इथून जग कसं दिसतं. सीट ह्यांच्या मापाची, मागे जाम झालेली, सरकत नाही. मी पार टोकाला आले तेव्हा कुठे पाय ब्रेकला पोचला.

दाबला. लेक मागून ओरडली, "ब्रेकचा लागत नाहीये. इंडिकेटरच मिणमिणतोय."

गॅलरीतून हे, "बल्ब खराब असेल! दुकानदाराने गळ्यात मारला असेल! बदलून आण!"

"बल्ब चांगला आहे बाबा. खालचा पत्रा गंजलाय, अर्थिंग मिळत नाहीये, म्हणून करंट भलतीकडून जातोय." परत गाडीखाली सरकली. मी मान बाहेर काढून वर बघितलं तर हे कठड्यावर वाकलेले, तोंड जरा उघडं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला गाडीच्या विषयात गप्प बसलेलं मी प्रथमच पाहत होते. खाली पत्र्यावर ब्लेडने खरवडल्याचा आवाज येत राहिला.

"आई, आता दाब."

मी दाबला. साइड मिररमध्ये ती दिसत होती. ऊन होतं म्हणून तिने दिव्यावर हाताचा आडोसा धरला होता, आणि तो अख्खा तळहात लाल झाला. काळं ग्रीस लागलेला, लाल पेटलेला माझ्या पोरीचा हात. डोळ्यांत पाणी आलं, ते का आलं ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"लागला! झक्कास! काढ पाय."

मी पाय काढला नाही.

"आई, झालं. काढ पाय."

काढवेना. पाय आहे तोवर गाडी इथे आहे. पोरगी इथे आहे. वेडेपणा, मला कळत होतं ना. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, तरी मी सगळा जोर लावून दाबून बसले होते. ती दाराशी आली. नुसती उभी राहिली, मघाशी त्या नटापाशी थांबली होती तशीच. ती मला ओढून काढणार नाही, हे मला दिसलं. मी काढेन तेव्हाच निघणार होती ती, भांडी राहिली तरी चालतील. आणि मग मला बसवेना. मी पाय उचलला आणि खाली उतरले. "सावकाश जा हं," एवढंच म्हणाले.

ती चढली. तीही माझ्यासारखी टोकाला सरकली, आणि तेवढ्यात वरून धप्पकन काहीतरी मागच्या हौद्यात पडलं. ह्यांची उशी. ऑपरेशनपासून पाठीला लावतात ती, जिला मलाही हात लावू देत नाहीत.

"पाठीमागे घे," हे ओरडले. "पाय पोचत नाहीये तुझा, मी बघतोय मघापासून."

"रात्री परत आणून देते बाबा."

"नको," हे म्हणाले. "गाडीतच राहू दे. उद्या पण लागेल."