हिंदुकुशाला हात लावू नका

अफगाणिस्तानच्या युद्धाबद्दल जगात सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस काबूलमध्ये नाही, कॉव्हेंट्रीत राहतो, आणि त्याच्या घरी जेवायला गेलेल्याला ती सगळी ऐकल्याशिवाय वरणभात मिळत नाही. हे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवण्याचं काम त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नाही; फक्त औषधं सोडली. मंडळाच्या गणपतीत त्यांना व्याख्यानाला वीस मिनिटं दिली होती. तासाभराने रशियन रणगाडे नुकते कुठे सरहद्दीवर पोचले होते आणि इकडे मोदकांचे दगड झाले होते. "डॉक्टर, आता तह करा!" मागून कुणीतरी ओरडलं. "तह? अहो, अजून अमेरिकन यायचेत!"

घरी तर ते टेबलावरच देश मांडतात. एकमेकांना टेकवून उभे केलेले तळलेले पापड म्हणजे हिंदुकुश, लिंबाच्या लोणच्याची फोड म्हणजे काबूल, काकडीच्या चकत्यांची नदी आणि तिखट शेंगदाण्यांच्या फौजा. युद्ध मिटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आणि हे युद्ध मिटतंय कुठे? मी आजवर तीनदा हिंदुकुश खाल्लाय आणि तिन्ही वेळा पकडला गेलोय. "अरे, नदीला पाणी कुठून येणार आता?" डॉक्टर कळवळून विचारतात. वहिनी किचनमधून म्हणतात, "खा हो भाऊजी. मी अजून डोंगर तळतेय."

बाराशे पानांचं पुस्तक त्यांनी लिहून ठेवलंय. शेवटच्या प्रकरणाला 'शांतता' असं नाव दिलंय. खाली पान कोरं. छापायला देणं अडलं होतं ते हाय स्ट्रीटवर केस कापणाऱ्या एका अफगाण माणसासाठी. "तिथल्या एकाने तरी 'बरोबर आहे' म्हणायला हवं रे," डॉक्टर मला एकदा म्हणाले. "नाहीतर माझी इतकी वर्षं नुसती टाइमपासमध्ये गेली." एरवी तोफेसारखा असणारा आवाज तेव्हा जरा हलला. त्या एका शब्दासाठी ते दर आठवड्याला केस कापून घेत. डोक्यावर केस उरेनात, पण मत काही मिळेना. डॉक्टर खुर्चीत बसून लढाया सांगत आणि तो म्हणे, "डॉक्टरसाब, सर सीधा रखिए."

शेवटी दिवाळीत त्याला जेवायलाच बोलावलं. देश मांडला. डॉक्टरांनी चमच्याने सगळ्या फौजा फिरवून दाखवल्या आणि घसा खाकरून विचारलं, "क्यों? सही है?"

तो टेबलावर वाकला. मग त्याने एक पापड अलगद बाजूला सरकवला, फराळाच्या ताटातलं एक शंकरपाळं उचललं आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी ठेवलं. "यहाँ हमारा घर. पीछे तूत का पेड़."

डॉक्टरांनी झटकन पेन काढलं. "कौनसे साल में छोड़ा?"

"साल याद नहीं, डॉक्टरसाब. तूत पक गए थे."

"और बाकी? बाकी सही है?"

"सही होगा. मुझे इतना ही मालूम है."

बाराशे पानांत तुतीचं झाड एकही नव्हतं. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले, "चला, जेवू या."

पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही; ते पहिल्या पानापासून पुन्हा लिहितायत. टेबलावर देशही मांडला जातो, पण नियम आता ढिला झालाय. हिंदुकुश मोडला तरी कुणी ओरडत नाही. परवा तर मी काबूलसुद्धा वरणभाताशी संपवलं. डोंगराच्या पायथ्याशी डॉक्टर आता दरवेळी ठेवतात त्या शंकरपाळ्याला मात्र, पोटात कितीही कावळे ओरडत असोत, माझा हात जात नाही.