हमीदाबीनं बांगड्या भरल्या नाहीत

वहिनीच्या डोहाळजेवणाची सकाळ. घर आमचं तुकोगंजातलं, इंदूर तेव्हा मध्यभारत राज्यात होतं आणि मी दहा वर्षांची... नको तिथे नाक खुपसणारी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सतरा पूर्ण व्हायची होती आणि पहिलटकरीण. लग्नात अगदी काडी होती, पण सातव्या महिन्यात पंधरा दिवसांत तिचा चेहरा, हात, पाय सगळं भरून आलं. आईला कोण आनंद! येईल त्या बाईला सांगायची, बघा, कसं छान अंग धरलंय.

वहिनीचं डोकं मात्र सारखं दुखायचं. ते फक्त मला माहीत होतं, कारण दुपारी ती माझ्याकडून कपाळ दाबून घ्यायची आणि कुणाला सांगू नको म्हणायची. नव्या सुनेची कुरकुर नको, म्हणून... आणि एरवी घरभर चहाड्या करणारी मी, नेमकी तेव्हाच शहाण्यासारखी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशीच्या बसनं ती बाळंतपणाला माहेरी, धारला जाणार होती. म्हणून आदल्या दिवशी डोहाळजेवण ठेवलं. त्याआधी हिरवा चुडा भरायचा, त्यासाठी हमीदाबी आली.

हमीदाबी आमची बांगडीवाली. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांच्या हातांची मापं तिला तोंडपाठ. गप्पा मारत, हात दाबत दाबत बांगडी अशी चढवायची की पत्ताही लागायचा नाही.

त्या दिवशी वहिनीची संक्रांतीच्या मापाची बांगडी अंगठ्यापाशीच अडली. त्याहून मोठी घेतली, तीही अडली. बायका कौतुकानं हसल्या. हमीदाबी हसली नाही... तिनं वहिनीच्या मनगटावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"सर दुखता है, बेटा?"

वहिनी खाली बघत बसली. माझ्याच्यानं राहवलं नाही, मी ओरडले, "हो, रोज दुखतं!"

हमीदाबीनं बांगड्या परत दोऱ्यात ओवायला घेतल्या. "बाईजी, ये हाथ भरा नी है, सूजा है. मैं नी पहनाऊँगी. पहले डाक्टरनी को दिखाओ... आज ही."

आई भडकली. घरात सवाष्णी जमलेल्या, झोपाळा फुलांनी सजलेला, आणि ही असलं बोलते! "आज के दिन असं अभद्र बोलतेस? पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

"मत आने देना, बाईजी. पर तांगा बुलाओ." एवढं म्हणून ती उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. टोपली उचलेना, हलेना.

तेव्हा कुठे वहिनीला कंठ फुटला. हळूच म्हणाली, कालपासून डोळ्यांपुढे धूसर दिसतंय... आईचा चेहरा उतरला. तांगा आला.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला. लघवी नळीत तापवून पाहिली, तर ती दुधासारखी पांढरी झाली. कोवळं वय, पहिली खेप, ही सूज आणि वर डोकेदुखी... उद्या बसमध्ये बसवली असती तर वाटेतच झटके आले असते, असं त्या आईला स्पष्ट म्हणाल्या. वहिनी आणि बाळ, दोघांच्याही जिवावरचं दुखणं होतं ते. आम्ही त्याला बाळसं समजत होतो.

वहिनीला दवाखान्यात ठेवून घेतलं. मीठ बंद, खोलीत अंधार, एका कुशीवर नुसतं पडून राहायचं. बाळ दिवसांआधीच आलं. एवढंसं, पण आवाज असा की शेजारच्या खाटेवरची बाई वैतागली! तो माझा भाचा आज इंदुरातच अन्नपूर्णा भागात राहतो, आजोबा झालाय आणि रोज फोन करून माझ्या बीपीच्या गोळीची चौकशी करतो.

बारशाला आईनं हमीदाबीला मुद्दाम बोलावून आणलं. ती उठून गेली की त्या जागी पाणी शिंपडणारी माझी आई... तिनं तिला पाटावर बसवलं, ओटी भरली आणि सगळ्यांदेखत हात जोडले. मग विचारलं, तुला कसं कळलं गं?

हमीदाबी बाळाकडे बघत म्हणाली, "मेरी बेटी के हाथ भी ऐसे ही हुए थे, बाईजी. मैं तो खुश हो गई थी. बड़ी नाप की चूड़ी मैंने ही पहनाई. जच्चा-बच्चा दोनों गए."

न शाळा, न दवाखाना. स्वतःच्या काळजावरचा घाव तेवढा तिच्यापाशी होता, आणि त्याच्या जोरावर ती आमच्या दारात अपमान गिळून बसून राहिली. पुढे आयुष्यात मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण तिच्याइतकी मोठी क्वचितच.

आमच्या घरातली दोघं वाचली, ती तिच्या घरातली दोघं गेली म्हणून... आणि त्या मुलीचं नाव काय होतं, हे आमच्यापैकी एकीनंही तिला विचारलं नाही.