बाईंचं ‘नको’

“राग आलाय? येऊ दे. बघ त्याच्याकडे,” असं आमच्या योगाच्या बाई म्हणायच्या आणि माझा राग दुप्पट व्हायचा. तुम्हीच सांगा, होमस्टेच्या दारात पाहुण्यांची गाडी उभी, पंपाची मोटर जळलेली, टाकीत थेंब नाही, आणि ही बाई दगडी गडग्यापलीकडून म्हणतेय, बघ! काय बघू, कपाळ?

दिवेआगरात माझ्या शेजारीच त्यांचं घर. शाळेतून निवृत्त झाल्यावर सुपारी वाळवायच्या अंगणात त्या आम्हा बायकांना योग शिकवायला लागल्या. चटया कुठल्या, जुनी लुगडी अंथरायचो. शवासनात निम्म्या जणी घोरायच्या. दिवसाउजेडी आडवं व्हायला आम्हाला दुसरं निमित्त तरी कुठे होतं? बाई हसायच्या. “झोपा गो. पण झोप येतेय हे कळू दे.”

खोटं कशाला बोलू, फरक पडला. तोंड उघडायच्या आधीच मला कळायला लागलं की आता मी सासूशी भांडणार. भांडायचे तरीही, पण कळायचं.

यंदा त्यांचा मुलगा पनवेलहून आला. नातवाला सांभाळायला आईला कायमचं न्यायचं, इथलं घर बंद करायचं, असं त्याचं ठरलेलं. बाईंना जायचं नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात माझ्यासमोर पदराने डोळे पुसत होत्या.

“मग सांगा ना त्याला, नको म्हणून!” मी चिडले. “आम्हाला एवढं शिकवलंत ते काय?”

“अगो, बघतेय ना मी. भीती दिसतेय, रडू दिसतंय. ‘नको’ तर अगदी इथे घशाशी आलेलं दिसतंय. तोंडातून निघत नाही, त्याला काय करू?”

असा संताप आला मला! इतकी वर्षं आत बघून बघून या बाईला स्वतःचा एक शब्द सापडला, आणि तोही पोटच्या पोराला सांगता येईना.

शेवटी मीच बाहेर गेले. मुलगा डिकीत पिशव्या भरत होता. म्हटलं, “अरे, तुझ्या आईला यायचं नाहीये.”

त्याचा हात थांबला. पोरगा वाईट नव्हता हो. दाराकडे वळून त्याने विचारलं, “आई, नाही यायचं तुला? तसं सांग. बघू आपण दुसरं काहीतरी.”

बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला. बोला हो बाई, आता तरी बोला.

“काहीतरीच काय!” बाई हसल्या. “हिचं काय ऐकतोस? चल, ऊन चढायच्या आत निघू.”

गाडी वळेपर्यंत त्या मागच्या काचेतून हात हलवत होत्या. मी हात वर केलाच नाही.